खोकला येऊ द्या

आमच्या पाकिटांच्या कारखान्यातल्या डिंकाबद्दल मी सांगायला लागलो की आमची वहिनी ऐकणाऱ्यांना बजावते, "निम्मं सोडून द्या." तुम्ही तिचं फार मनावर घेऊ नका. पाव सोडलंत तरी पुरे.

तर तो डिंक. पाकिटाच्या झाकणाला चकचकीत पट्टी असते ना, जिभेने ओली करून चिकटवायची, तो. दिसायला करंगळीएवढी पट्टी, पण अख्खा कारखाना तिच्यावर उभा. मी कागद कापायचो. माझं कापणं केसभर इकडचं तिकडं झालं तर कुणाच्या बापाला कळत नसे. डिंक बिघडला की मात्र साऱ्या जगाला कळे. आणि तो न बिघडता शिजवणारा माणूस आमच्याकडे एकच, डिंकमामा.

हा मामा कुणाचाच मामा नव्हता, पण सगळे त्याला मामाच म्हणत. उभं आयुष्य डिंकखोलीत गेलं. हात असे चिकट झालेले की त्याने कुणाचा हात हातात घेतला तर सोडवायला कोमट पाणी आणावं लागे. मामी तर म्हणायची, "लग्नात ह्यांनी हात धरला तो सुटेचना. म्हटलं, चला, आता संसारच करू."

मामाची एकुलती एक लेक लांबच्या गावी दिलेली. तिला जुळं झालं. मामी बाळंतपणाला पुढे गेली आणि मामाने कारखाना सोडून मागोमाग जायचं, मग दोघांनी कायमचं तिथेच राहायचं, असं ठरलं. पण पोरं पालथी पडायला लागली, रांगायला लागली, त्यांना दात आले, तरी मामा आपला इथेच हंडा ढवळतोय. मामी फोनवर करवादायची, "पोरगा तुमचा फोटो चाटतो. पोरगी तर त्याच्याकडे पाठ करून बसते. येताय, की मी त्यांना सांगू आजोबा म्हणजे भिंतीवरचं चित्र असतं म्हणून?"

मालक वाईट नव्हता, अडलेला होता. मामा दोनदा निघालाही होता. पहिल्या खेपेला मागे राहिलेल्यांनी डिंक शिजवला तो पाण्यासारखा. पाकिटं वाटेतच उघडली आणि पोस्टमनच्या पिशवीत पत्रांची अशी सरमिसळ झाली, की एका दातांच्या डॉक्टरला प्रेमपत्र गेलं आणि एका तरुण मुलीला दाढ काढायची तारीख. ती दोघं पुढे लग्न करून सुखाने राहिली, पण मालकाचं गिऱ्हाईक तुटलं. दुसऱ्या खेपेला डिंक झाला दगडासारखा. एका गृहस्थाने पाकीट उघडायला सुतार बोलावला. दोन्ही वेळा घरची आवराआवर संपवून मामा कुठे स्टेशनवर पोचतोय, तोच त्याला परत आणलं.

शेवटी मालक म्हणाला, "मामा, ज्या दिवशी दुसऱ्या कुणाच्याही हातचा डिंक पाकिटाला चालेल, त्या दिवशी तुम्ही मोकळे. मी स्वतः तिकीट काढून देईन."

मामा शिकवायला तयार होता, पण त्याचं शिकवणं असं: "पूड घे थोडी. पाणी घाल बेताचं. आच ठेव मध्यम. झालं की उतरव."

"झालं हे कळायचं कसं, मामा?"

"झालं की कळतं."

मालकाने मग एका सल्लागाराकडून जाडजूड पुस्तक लिहून घेतलं. त्यात होतं, 'मिश्रणास अपेक्षित सांद्रता प्राप्त होईपर्यंत यथायोग्य तापमानात ढवळणक्रिया सातत्याने सुरू ठेवण्यात यावी.' मी ते मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान आहे रे. कशाबद्दल आहे?" सल्लागार बिचारा हुशारच होता, पण त्याला डिंकखोलीत कुणी नेलंच नव्हतं. पुस्तक वाया गेलं नाही, ते आम्ही वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावलं.

आता वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. कारखान्याच्या ऑफिसात आली-गेली पत्रं सांभाळायची. ऑफिसात एक नकला काढायचं यंत्र होतं, हट्टी मुलासारखं. आठवड्याला त्याचा मेकॅनिक यायचा, मालक यंत्राला बुक्क्या मारायचा. एक दिवस वहिनीने यंत्रावर बोटभर कागद लावला: 'झाकण "टक्" आवाज येईपर्यंत दाबा. आवाज आला नसेल तर झाकण लागलेलं नाही.' त्या दिवसापासून मेकॅनिक दिसेनासा झाला. काही म्हणतात त्याने धंदा बदलला.

मालकाने तो कागद वाचला, टक् केलं आणि थेट वहिनीच्या टेबलाशी आला. "बाई, हे 'टक्' तुम्ही लिहिलंत?"

"हो. का, चुकलं का?"

"तुम्हाला डिंक लिहिता येईल?"

वहिनी म्हणाली, "मला डिंक येत नाही. येईल तेवढा लिहीन."

दुसऱ्या दिवशी ती डिंकखोलीत गेली. तो हंडा म्हणजे काय सांगू, माणूस आत उभा राहिला तर नुसती टोपी दिसावी. (वहिनी म्हणते, कमरेएवढा होता.) खाली गॅसची आच भरभरत होती. वहिनी दोन पावलं मागे सरली. मामा म्हणाला, "घाबरू नको, पोरी. तो गुरगुरतो, चावत नाही." मग तिने एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि मामाला जे छळलं, तसं मामीनेही कधी छळलं नसेल.

"पाणी किती घातलंत?"

"बेताचं."

"बेताचं म्हणजे कुठवर?"

"अगं, त्या पोचा आलेल्या जागेच्या जरासं वर."

वहिनी उठली, लाल रंग आणला, हंड्याच्या आत पोच्याच्या वर एक रेघ ओढली आणि कागदावर लिहिलं, 'लाल रेघेपर्यंत पाणी भरा.' मग तिने मामाकडे पाहिलं. "रेघेच्या वर गेलं तर?"

"तर काढायचं जास्तीचं. त्यात काय आभाळ कोसळतं?"

तेही लिहिलं.

पूड मोजायला मामाचा एक कान तुटलेला मग होता. वहिनीने 'मग' असं लिहिलं नाही. तो मग तराजूवर ठेवला, भरून तोलला आणि वजन लिहिलं. "मग तुम्ही घेऊन जाल मामा, किंवा कुणीतरी त्यातून चहा पिईल," ती म्हणाली. 'थोडं', 'जरा', 'अंदाजाने', 'नीट' हे शब्द ती कागदावर येऊच देत नसे. मी एकदा आपलं सुचवलं, "वहिनी, 'सावधगिरीने ढवळा' असं टाक. भारदस्त वाटतं."

"भावोजी, सावधगिरीने म्हणजे हात कुठे ठेवू? वर धरू का खाली?"

"ढवळायच्या वल्ह्याच्या वरच्या टोकाला. खाली भाजतो."

"मग तेच लिहिते." आणि तिने लिहिलं, 'वल्हं वरच्या टोकाला धरा. खालच्या बाजूने हात भाजतो.' सावधगिरी आपसूकच आली, तिचं नाव घ्यावं लागलं नाही. मी ओझी उचललेली माणसं पाहिली आहेत, एका हाताने बैल उचलणारा तर माझ्या डोळ्यांसमोरचा. पण भरल्या कागदावरून एक जड शब्द खाली उतरवायला जी ताकद लागते, ती मी आमच्या वहिनीतच पाहिली.

तिची एक रीत होती. कागद लिहून झाला की ज्याला त्या कामातलं ओ की ठो कळत नाही, असा माणूस धरायचा आणि त्याच्या हातात नुसता कागद द्यायचा. ज्यांना काम येतं त्यांनी भिंतीशी उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. पहिला धरला हिशेबनीस. सदऱ्याला डाग पडू नये म्हणून तो रुमालसुद्धा घडी घालूनच वापरायचा. त्याने चष्मा पुसला, कागदाप्रमाणे पाणी भरलं, पूड टाकली, आच लावली, ढवळलं. सगळं बिनचूक. मग आली शेवटची ओळ. वहिनीने मामाकडे पाहून जे दिसलं ते इमानाने लिहिलं होतं: 'झाकण बोटभर उघडा. खोका. आच बंद करा.'

हिशेबनिसाने झाकण बोटभर उघडलं, तोंडावर रुमाल धरला, अदबीने "खो, खो" केलं आणि आच बंद केली.

डिंक झाला ताकासारखा. पाकिटाला लावला तर पट्टी ओघळून खाली.

"मी खोकलो ना!" हिशेबनीस काकुळतीला आला. "हवं तर पुन्हा खोकतो. जोरात खोकायचं होतं का?"

आम्ही हसून हसून लोळायच्या बेतात. वहिनी मात्र हसली नाही. "तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "कागद चुकलाय." हे ती प्रत्येकाला म्हणायची आणि तिला ते मनापासून वाटायचं, म्हणून तर लोक तिच्या हाताखाली पुन्हा पुन्हा चुकायला तयार होत.

ती मामाकडे वळली. "मामा, तुम्ही आच बंद करायच्या आधी खोकता का?"

"मी? मी कुठे खोकतो?"

"अरे मामा," मी म्हणालो, "तुझ्या खोकल्यावर अख्खा कारखाना जेवणाचे डबे उघडतो!"

"थापाड्या, तू गप. पोरी, ह्याचं काही ऐकू नकोस. मी जन्मात खोकलो नाही."

वहिनीने वाद घातला नाही. तिने मामाला हंडा चढवायला सांगितला आणि स्वतः झाकणाशी नाक लावून उभी राहिली. थोड्या थोड्या वेळाने झाकण बोटभर उघडायचं आणि वाफ घ्यायची. काही नाही. पुन्हा. काही नाही. डिंक नासू नये म्हणून त्यात एक वाटी आंबट अर्क जात असे, त्याचा वास सगळ्या खोलीभर मुरलेला, त्यामुळे आम्हाला तो वास म्हणून येतच नव्हता. हंडा बदबदायला लागला. मामाने सवयीने झाकण उचललं, वहिनीने मान पुढे केली, आणि दोघं एकदम खोकले.

मामा खोकता खोकताच थांबला आणि तोंडावर हात ठेवून वहिनीकडे पाहू लागला. जसं काही त्याच्या तोंडून दुसराच कुणीतरी बोलला होता. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ती हसत होती. "मामा, डिंक तयार झाला की ही अर्काची वाफ सुटते. घशाला झोंबते. त्याच्या आधी झोंबत नाही. तुम्ही खोकत नाही मामा, तो तुम्हाला खोकायला लावतो!"

तिने जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: 'झाकण बोटभर उघडून वाफ घ्या. मुद्दाम खोकू नका. खोकला येऊ द्या. आला की लगेच आच बंद करा.'

मी बरीच वर्षं बोलतो आहे, पुष्कळ बोललो आहे, पण 'खोकला येऊ द्या' याच्या तोडीचं वाक्य मला एकदाही सुचलं नाही.

दुसरी चाचणी माझ्यावर झाली. डिंकखोलीत मी फक्त गप्पा मारायला जायचो, म्हणून मी अडाणी ठरलो. सगळं केलं. झाकण उघडलं, वाफ घेतली, खोकल्याची वाट पाहत उभा राहिलो. वाट पाहिली, पाहिली. भिंतीशी मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, डोळे वटारत होता, पण नियम म्हणजे नियम. डिंक घट्ट झाला, मग तपकिरी, मग करपला. वल्हं त्यात उभंच्या उभं रुतलं. आम्ही चौघांनी ओढलं तर वल्ह्याबरोबर हंडा उचलला गेला, हंड्याबरोबर शेगडी, आणि शेगडीबरोबर जमिनीची एक फरशी.

वहिनीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "भावोजी, पडसं झालंय तुम्हाला?"

"परवापासून. नाक चोंदलंय अगदी."

"मग बोलला का नाहीत?"

"कागदावर कुठे विचारलं होतं?"

मी चेष्टेने म्हणालो होतो. ती मात्र बादलीवर बसली आणि पेन्सिलीचं टोक चावू लागली. "बरोबर आहे," म्हणाली. "विचारलं नव्हतं." मग मामाला, "पडसं झालं की तुम्ही काय करता?"

"वल्ह्याकडे बघितलं की कळतं."

"काय कळतं?"

"झालंय ते."

"डोळ्यांना काय दिसतं, मामा? मला तेवढंच सांगा."

मामा वैतागला, डोकं खाजवलं, मग नवा हंडा चढवून वल्हं वर धरलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या डिंकाकडे पाहुण्यासारखं पाहिलं. "आधी हा ठिबकतो. थेंब, थेंब. मग... हां, आता बघ. थेंब सुटत नाही, लांबतो. तार होते. आणि तार तुटली की खालचा तुकडा पडतो आणि वरचा वर पळतो. मांजराच्या शेपटीसारखा. वर पळाला की झालं."

वहिनीने सगळं लिहिलं. शेपटी तेवढी गाळली. मी शेपटीसाठी खूप भांडलो. "भावोजी, कुणाचं मांजर, केवढी शेपटी, यावर तिथे चर्चा होईल आणि डिंक करपेल," ती म्हणाली. खरं होतं. चर्चा मीच सुरू केली असती.

मालकाला कागद दाखवला. एकच पान. ठळक अक्षर, एका ओळीत एक काम. काचेखाली बसवून हंड्यासमोर डोळ्यांच्या उंचीवर टांगलेलं, म्हणजे ढवळताना हात न सोडता वाचता यावं. मालक म्हणाला, "बास? एवढंच?" त्याला जाडजूड पुस्तकाची सवय. मग म्हणाला, "ठीक आहे. परीक्षा मात्र मी घेणार. माणूस मी निवडणार." आणि निवडलं कुणाला, तर स्वतःच्या बायकोला! मालकीणबाईंबद्दल कारखान्यात दंतकथा होत्या. त्यांनी उकळायला ठेवलेलं पाणी करपतं, ही त्यातली सौम्य.

परीक्षेच्या दिवशी मामाने सामान बांधून दाराशी आणून ठेवलं होतं. दुपारच्या गाडीचं तिकीट मालकाने खरंच काढलं होतं. मामी त्या दिवशी नातवंडांना घेऊन तिकडच्या स्टेशनवर न्यायला येणार. बाहेर मोठी मागणी अडून होती. पाकिटं कापून तयार, डिंकासाठी थांबलेली. जमलं तर मामा गाडीत. नाही जमलं तर मामा हंड्याशी, आणि मामीला फोन कुणी करायचा यावर आमच्यात आत्ताच मारामारी सुरू झाली होती.

मालकीणबाई आल्या. नाक लालबुंद, हातात रुमाल. दारातच तीन शिंका दिल्या.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी समोर भिंतीकडे पाहत उभी, हात पाठीमागे, बोटं एकमेकांत घट्ट.

मालकीणबाई बोट ठेवून वाचत होत्या. पाणी ओतताना रेघ बुडाली. "अगंबाई!" म्हणून त्या दचकल्या, मग बोट खालच्या ओळीवर गेलं. "'रेघ बुडाली तर जास्तीचं पाणी काढा. घाबरू नका.' बघा, यांना आधीच ठाऊक होतं!" त्यांनी पाणी काढलं. पूड तोलली. अर्क घातला. वल्हं वरच्या टोकाला धरलं. मामाने पाकिटाची पट्टी ओली करून स्वतःच्या ओठांवर चिकटवली, म्हणजे बोलायचा मोहच नको. (वहिनी म्हणते, नुसता हात ठेवला होता.)

मग झाकण. बोटभर. मालकीणबाईंनी वाफ घेतली आणि वाट पाहू लागल्या. हंडा बदबदू लागला. भिंतीशी उभा हिशेबनीस खोकला, मी खोकलो, खुद्द मालक खोकला. मालकीणबाई शांत.

मालक हळूच म्हणाला, "राहू दे. तुला बरं नाही. उद्या करू."

उद्या! मामाची मान खाली गेली.

"अहो, थांबा हो जरा," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढे लिहिलंय काहीतरी. 'पडसं असेल तर खोकल्याची वाट पाहू नका. वल्हं वर धरा आणि थेंबाकडे पाहा.'" त्या थांबल्या, मागे वळल्या आणि आमच्या सगळ्यांकडे संशयाने पाहिलं. "मला पडसं आहे हे कागदाला कुणी सांगितलं?"

त्यांनी वल्हं वर धरलं. थेंब. थेंब. मग थेंब लांबला. तार झाली. तार तुटली आणि वरचा तुकडा सुर्रकन वर पळाला.

"पळाला!" मालकीणबाई ओरडल्या आणि आच बंद केली.

मालकाने पट्टी लावली, वाळवली, जिभेने ओली केली, चिकटवली. मग दोन्ही हातांनी पाकीट ओढलं. कागद फाटला, जोड सुटला नाही. तो त्या फाटक्या पाकिटाकडे पाहत म्हणाला, "मामा, निघा. गाडी चुकेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाने पिशवी उचलली, पण पाय निघेना. तो काचेखालच्या त्या एका पानासमोर जाऊन उभा राहिला.

"पोरी, एवढंच होतं का गं माझं काम? पानभर?"

वहिनी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. "मामा, यातली एक तरी ओळ माझी आहे का, सांगा."

मामा हळू वाचायचा. ओठ हलवत, वरपासून. आम्ही थांबलो. मालकसुद्धा घड्याळ न पाहता थांबला. शेवटी मामाने बोट टेकवलं. "ही तुझी. 'घाबरू नका.'"

"पहिल्या दिवशी मी हंडा बघून मागे सरले तेव्हा कोण म्हणालं होतं?"

मामाने नाक ओढलं. म्हणाला, वाफेमुळे. हंडा केव्हाच निवला होता.

"याची एक नकल देशील? पोरं मोठी झाली की विचारतील, आजोबा काय करायचे म्हणून. मला सांगता कुठे येतं?"

वहिनीने नकल काढली. टक् आवाज आलेला मी स्वतः ऐकला.

स्टेशनवर पोचवायला मी गेलो. मामा खिडकीशी बसला आणि गाडी सुटायच्या आत शेजारच्या प्रवाशांना कागद वाचून दाखवायला लागला. खोकल्याच्या ओळीशी आला, आणि खरं सांगतो, ना हंडा ना वाफ, मामाला खोकला आला. त्याबरोबर समोर बसलेल्या एका बाईंनी, ज्यांनी जन्मात डिंक पाहिला नव्हता, हात पुढे करून हवेतल्या हवेत आच बंद केली.

परत येऊन मी हे वहिनीला सांगितलं. ती आली-गेली पत्रं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "यातलं निम्मं मी सोडून देते, भावोजी."

"कुठलं निम्मं?"

"आधी लिहून आणा," ती म्हणाली. "मग खोडून दाखवते."